रक्त काढण्याची साधने आणि त्यांची नावे : शिंग-तुंबडीपासून निर्वात नळीपर्यंत

मराठीत 'रक्त काढणे' हा शब्दप्रयोग जुना आहे. परंतु त्याचा आशय गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुळापासून पालटला आहे. पूर्वी रक्त काढले जाई ते शरीरातून घालविण्यासाठी. दूषित झालेले रक्त बाहेर पडले म्हणजे व्याधी हटेल, ही त्यामागील कल्पना होती. काढलेल्या रक्ताचा पुढे काही उपयोग नसे. आज रक्त काढले जाते ते राखण्यासाठी : पिशवीत भरून दुसऱ्यास देण्यासाठी, अथवा नळीत भरून तपासण्यासाठी. क्रियापद एकच राहिले, हेतू मात्र उलटा झाला. हा पालट ध्यानात घेतल्यावाचून साधनांचा इतिहास नीट उलगडत नाही; कारण फेकावयाच्या रक्ताला जे साधन उत्तम, ते राखावयाच्या रक्ताला बहुधा निरुपयोगी असते. या साधनांची व त्यांबरोबर त्यांच्या नावांची परंपरा येथे तपासावयाची आहे. तीत पुणे शहराचा उल्लेख वारंवार येईल, आणि तो केवळ स्थानाभिमानामुळे नव्हे. प्राचीन शल्यविचाराचे मराठीकरण, विषाणूंच्या शोधासाठी झालेले रक्तसंकलन आणि सुईच्या धोक्याचा पद्धतशीर अभ्यास या तिन्ही गोष्टी या एकाच शहराशी निगडित आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहू. जुन्या व्यवहारातील नावे मोजकीच आहेत : शिंग, तुंबडी, जळू, फासणी आणि शीर. यांपैकी शिंग व शीर हे शब्द 'शृंग' आणि 'सिरा' यांपासून सरळ उतरले आहेत. तुंबडीच्या मुळाशी 'तुम्ब' म्हणजे भोपळा आहे, व त्यास लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेला आहे. संस्कृत ग्रंथांत याच साधनाला 'अलाबू' म्हणतात. अर्थ तोच, शब्द मात्र वेगळा. म्हणजे ग्रंथातील नाव लोकांत रुजले नाही, लोकांनी आपल्या नित्याच्या भोपळ्याचेच नाव चालविले. जळूची कथा अधिक मनोरंजक आहे. सुश्रुतसंहितेत या प्राण्याच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती दिलेल्या आहेत : जल हेच जिचे आयुष्य ती 'जलायुका', आणि जल हेच जिचे घर ती 'जलौका'. दोन व्युत्पत्ती द्याव्या लागतात तेथे संशयाला जागा असते. संस्कृतातील 'जलूका' या रूपाची तुलना फारसीतील 'झालू' या समानार्थी शब्दाशी केली जाते, आणि ती ग्राह्य मानली तर 'जल' हा अवयव पाठीमागून सुचलेला ठरतो. पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या नावात पाणी ऐकू यावे, हे स्वाभाविकच आहे.

'तुंबडी' या शब्दाने मराठीला एक वाक्प्रचारही दिला आहे : स्वतःची तुंबडी भरणे. लोकांच्या अंगाला तुंबडी लावून त्यांचे रक्त ओढणारा, असे चित्र यामागे आहे असे पुष्कळदा समजले जाते. परंतु तुंबडी ही गोसाव्या-बैराग्यांचे भिक्षापात्रही होती. निर्णय करावयाचा तर तो सोबतच्या क्रियापदावरून करावा लागतो. रक्त काढण्याच्या संदर्भात मराठी माणूस तुंबडी 'लावतो'. 'भरतो' ती भिक्षेची तुंबडी. तेव्हा वाक्प्रचाराचे मूळ भिक्षापात्रात असण्याचा संभव अधिक. तथापि एकदा वाक्प्रचार रूढ झाल्यावर बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही तुंबड्या एकत्र आल्या असणार, हेही नाकारता येत नाही. शोषणाचा जो गडद रंग या वाक्प्रचाराला आज आहे, तो नुसत्या भिक्षापात्रातून आला असेल असे वाटत नाही.

तुंबडी लावण्याचे काम महाराष्ट्रात मुख्यतः वैदू समाजाकडे परंपरेने होते. हे लोक गावोगाव हिंडत, जडीबुटी विकत आणि दुखऱ्या भागावर फासण्या टाकून वर तुंबडी लावीत. हडपसरच्या बाजूस असलेली वैदूवाडी हे नाव पुण्याच्या नकाशावर अद्याप टिकून आहे. नागर वैद्यक आणि फिरस्त्यांचे वैद्यक यांत पुढे जे अंतर पडले, त्यामुळे या समाजाकडील हस्तकौशल्याची तपशीलवार नोंद फारशी झाली नाही. ही उणीव इतिहासकारांच्या पदरी टाकावी लागते. वैदूंनी काही लपविले म्हणून ती निर्माण झालेली नाही.

आता ग्रंथपरंपरा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात जळवांचा, चौदाव्यात रक्ताचा आणि शारीरस्थानातील आठव्या अध्यायात शीर वेधण्याचा विधी आला आहे. शिंग, जळू आणि भोपळा यांची विभागणी दोषांनुसार केली आहे : वाताने दूषित रक्तासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा. या विभागणीचे शारीरविज्ञानाच्या दृष्टीने आज महत्त्व नाही. महत्त्व आहे ते साधनांच्या रचनेला. शिंगाच्या तोंडाला बस्तीचे, म्हणजे मूत्राशयाचे, पातळ पटल बांधून मग तोंडाने ओढावे, असा निर्देश आहे. भोपळ्यात दिवा ठेवून तो फासलेल्या त्वचेवर पालथा घालावा असे सांगितले आहे. दिव्याने आतील हवा तापते, ती निवताना आकुंचन पावते, आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो व रक्त वर ओढले जाते. म्हणजे पहिल्या साधनात ओढ माणसाच्या छातीची आहे आणि दुसऱ्यात ती निर्वाताची आहे. शिंगाच्या पटलाचा हेतू ओढ टिकविणे हा असावा. ओढणाऱ्याच्या तोंडात रक्त जाऊ नये हा लाभ त्यातून आपोआप मिळत असेल, परंतु तो हेतू होता असे म्हणण्यास आधार नाही.

जळवांच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. सहा सविष व सहा निर्विष अशा बारा जाती नावानिशी सांगितल्या आहेत. कृष्णा, कर्बुरा, अलगर्दा या टाळावयाच्या, तर कपिला, पिंगला, शंकुमुखी या घ्यावयाच्या. रक्त पिऊन झालेल्या जळूला मीठ वगैरे लावून ओकवावे, नीट न ओकल्यास तिला रोग जडतो, असा इशारा आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पुढची पायरी आहे : एकदा वापरलेली जळू सात दिवस पुन्हा लावू नये, आणि लाळ वगैरे कुजून विष उत्पन्न होऊ नये म्हणून जळवांची भांडी बदलीत राहावे. आजच्या वाचकाला हा नियम एका रोग्याचा संसर्ग दुसऱ्यास न व्हावा यासाठी केलेला वाटेल. प्रत्यक्षात सात दिवसांच्या विश्रांतीचे कारण ग्रंथात वेगळे आहे : रक्ताने येणाऱ्या मदापासून जळूचे रक्षण व्हावे. नियम उपयुक्त असला तरी त्याची चिंता जळूची आहे. आधुनिक शल्यचिकित्सेत त्वचारोपणानंतर जळू लावतात तेव्हा ती एकाच रोग्यासाठी वापरून नष्ट करतात. तेथे चिंता पुढच्या रोग्याची असते. कृती सारखी दिसली म्हणून विचार सारखा होता असे धरून चालणे हा आपल्याकडील वैद्यकेतिहासाच्या लेखनातील नेहमीचा दोष आहे.

तथापि शीर वेधण्याच्या प्रकरणात सुश्रुताचे निरीक्षण असे आहे की त्याचे श्रेय पूर्णपणे द्यावे लागते. शरीरात सातशे शिरा मोजून त्यांपैकी अठ्ठ्याण्णव शिरांना शस्त्र लावू नये असे सांगितले आहे : हातापायांतील सोळा, धडातील बत्तीस आणि मानेच्या वरच्या भागातील पन्नास. वेधाची खोलीही मोजून दिली आहे. मांसल जागी यवाएवढी, इतरत्र अर्ध्या यवाएवढी. भाताच्या दाण्यासारख्या तोंडाचे 'व्रीहिमुख' हे शस्त्र सामान्यतः वापरावे, हाडावरील शिरेसाठी लहान कुऱ्हाडीसारखी 'कुठारिका' घ्यावी. वेधाच्या जागेच्या चार अंगुळे वर कापड, चामडे, साल किंवा वेल यांपैकी कशाने तरी बांधावे; हाताची शीर असेल तर अंगठा आत घेऊन मूठ वळावयास सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली रक्तसंकलनासंबंधी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीतही पट्टा टोचण्याच्या जागेच्या वर चार ते पाच बोटांच्या अंतरावर बांधण्यास सांगितले आहे. येथे परंपरेचा संबंध शोधण्याचे कारण नाही. कोपराच्या खोबणीत शीर फुगविण्याची सोईची जागा माणसाच्या देहानेच ठरवून दिलेली आहे, आणि ज्याने हात लावून पाहिले त्याला ती सापडली.

शिक्षणाचा विचारही त्यात आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वेधाचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा असे म्हटले आहे. इतके करूनही शिरा माशासारख्या निसटतात व त्यांच्या बाबतीत पूर्ण निष्णात असा कोणी नसतो, अशी कबुली संहिताकार देतात. शीर बोटाखालून सरकल्याचा अनुभव प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकास येतो.

या कबुलीच्या जोडीला सदोष वेधांची एक यादी आहे, आणि भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्व प्रकरणात तीच सर्वांत मोलाची आहे. फसलेल्या वेधाचे वीस प्रकार वीस नावांनी सांगितले आहेत. सूक्ष्म शस्त्राने वेधल्यामुळे रक्त उघड वाहत नाही व वेदना, सूज उत्पन्न होते ती 'दुर्विद्धा'. प्रमाणाबाहेर खोल वेधल्याने रक्त आत शिरते किंवा अति वाहते ती 'अतिविद्धा'. बोथट शस्त्राने चेपली गेलेली 'पिच्चिता'. सापडत नाही म्हणून कडांवर वारंवार घाव बसलेली 'कुट्टिता'. थंडी, भीती किंवा मूर्च्छा यांमुळे न वाहणारी 'अप्रस्रुता'. भलत्या जागी बांधल्याने थरथरणारी 'वेपिता', फुगविल्यावाचूनच वेधलेली 'अनुत्थितविद्धा', शस्त्र तिरपे गेल्याने अर्धवट राहिलेली 'तिर्यग्विद्धा', जिला शस्त्र लावावयाचेच नव्हते ती 'अव्यध्या'. उरलेल्या नावांत काही एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की टीकाकारांनाही त्यांतील सीमा आखताना सायास पडतात. यादी वर्गीकरणशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरणार नाही. परंतु तिची उपयुक्तता वेगळीच आहे. प्रत्येक नावात फसण्याचे कारण बसविलेले आहे. शस्त्र बोथट होते, खोली चुकली, बांधण्याची जागा चुकली, शीर फुगविली नाही, रोगी भ्यालेला होता. नाव उच्चारताच दुरुस्ती कोठे करावयाची हे कळते.

आणखी एक व्याकरणाची गोष्ट. ही सर्व नावे स्त्रीलिंगी विशेषणे आहेत, कारण ती 'सिरा' या शब्दाची विशेषणे आहेत. वेधणारा वैद्य त्यांत कर्ता म्हणून कोठेही येत नाही. दोषाची नोंद शिरेच्या अवस्थेच्या रूपाने होते. याचा अर्थ वैद्याला जबाबदारीतून मोकळे केले असा नव्हे, कारण इतरत्र अज्ञ वैद्याची कडक निर्भर्त्सना आहे. परंतु शिष्याने आपला फसलेला वेध सांगावा, आणि सांगताना त्याची जीभ अडखळू नये, यासाठी ही रचना सोईची आहे खरी. मात्र या वीस नावांत एका प्रकाराला मुळीच जागा नाही : वेधणाऱ्याच्याच हाताला शस्त्र लागणे. जेथे रक्त दूषित मानले होते तेथेही ते काढणाऱ्यास बाधेल अशी शंका या प्रकरणात दिसत नाही.

एका वेळी काढावयाच्या रक्ताची कमाल मर्यादा एक प्रस्थ सांगितली आहे. या प्रसंगी प्रस्थ साडेतेरा पळांचा धरतात, म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या लिटरहून काहीसा अधिक. सध्या रक्तदानात एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात, हे येथे तुलनेसाठी लक्षात ठेवावे. रक्त थांबविण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. यांपैकी 'स्कंदन' हा शब्द रक्त गोठण्याच्या आधुनिक परिभाषेसाठी पुन्हा वापरात आला. मराठीच्या घरगुती बोलीत मात्र रक्त 'साखळते'.

हा सर्व विचार मराठी वाचकाच्या हाती येण्यास एकोणिसाव्या शतकाचा शेवट उजाडला. पुण्याचे डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनी अष्टांगहृदयाचे मराठी भाषांतर 'सार्थ वाग्भट' या नावाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केले. गर्दे हे पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर होते. त्यांच्या भाषांतराचा काळ पाहण्याजोगा आहे. शीर वेधण्याचा विधी मराठीत आला त्याच सुमारास पाश्चात्त्य वैद्यकात शीर तोडून रक्त घालविण्याची पद्धत मागे पडत होती. पॅरिसच्या पिएर लुई याने १८३५ मध्ये रोग्यांची मोजदाद करून या उपचाराचा लाभ फारच थोडा असल्याचे दाखविले होते. पुढे १८५३ मध्ये अलेक्झांडर वुड व शार्ल प्रावाझ यांनी स्वतंत्रपणे पोकळ सुईची पिचकारी वापरात आणली, आणि शतकाच्या अखेरीस संपूर्ण काचेची सिरिंज निघाली. ती उकळता येई. धातू व चामड्याच्या दट्ट्याची पिचकारी धड उकळता येत नसे. 'पिचकारी' हा शब्द मराठीत आधीच होता व तो काही काळ या साधनालाही लावला गेला, परंतु रंगपंचमीच्या आठवणीमुळे असो वा अन्य कारणाने, 'सिरिंज' पुढे तो टिकला नाही. सामान्य माणसाने दोन्ही बाजूंस सारून साधनाच्या टोकालाच साधनाचे नाव दिले : सुई.

याच काळात 'काढणे' या क्रियापदाचा एक विलक्षण प्रयोग मराठीत रूढ होता. देवीची लस टोचण्याला 'देवी काढणे' म्हणत. ज्या क्रियेत शरीरात काही घातले जाते तिला 'काढणे' म्हणावे, हे चमत्कारिक वाटते; पण देवीचा फोड उठविणे, तो वर काढणे, असा त्याचा अर्थ लावता येतो. पुण्यात १८९७ मध्ये प्लेगची साथ आली, आणि त्यानंतरच्या वर्षांत हाफकिन यांच्या लशीचा प्रसार झाला तेव्हा 'टोचणे' हे क्रियापद पुढे आले. 'देवी काढणे' यात निदान फलिताचा निर्देश होता. 'टोचणे' यात केवळ दुखण्याचा आहे.

सुईच्या सुरक्षिततेचा प्रश्न हिंदुस्थानात प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो या प्लेगच्या लशीच्याच निमित्ताने. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेत लस तयार करण्याच्या पद्धतीत असल्याचे ठरवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे असे उघड झाले की गावात बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, व तो पुरेसा निर्जंतुक न करताच उचलून वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. घटना लशीची असली तरी रक्त काढण्याच्या साधनांच्या इतिहासात ती वगळता येत नाही, कारण पाच वर्षे चाललेल्या या वादाने एक गोष्ट प्रस्थापित केली : सुई, बाटली, झाकण, चिमटा ही मिळून एक साखळी आहे, आणि अपघाताचा विचार सगळ्या साखळीचा करावा लागतो. प्रमुख शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा गेली, तेव्हा कोठे चिमट्याकडे लक्ष गेले, ही त्यातील खेदाची बाब.

राखावयाच्या रक्तासाठी दोन अडचणी सोडवाव्या लागल्या. पहिली, रक्त साखळू नये ही. १९१४-१५ या काळात सोडियम सायट्रेटचा उपयोग सिद्ध झाला व रक्त बाटलीत साठविता येऊ लागले. दुसरी अडचण ओढीची. सिरिंजच्या दट्ट्याने ओढ हाताच्या बळावर अवलंबून राहते. जोराने ओढल्यास शीर मिटते, रक्तपेशी फुटतात आणि तपासणीचे आकडे बिघडतात. शिवाय सिरिंजमधून रक्त नळीत ओतताना सुई मोकळी फिरते. जोसेफ क्लायनर याने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या अडचणीवर काढलेला उपाय 'व्हॅक्युटेनर' या नावाने प्रसिद्ध आहे. रबरी झाकणाची नळी आधीच निर्वात केलेली असते; दुतोंडी सुईचे एक टोक शिरेत गेले की दुसरे टोक झाकणात खुपसावयाचे, आणि ठरलेल्या मापाचे रक्त ठरलेल्या ओढीने नळीत येते. नळीत आवश्यक ते द्रव्य आधीच घातलेले असल्याने झाकणांचे रंग ठरून गेले : सायट्रेटला निळा, ईडीटीएला जांभळा, फ्लोराइडला करडा. नळ्या कोणत्या क्रमाने भरावयाच्या तेही ठरले. ईडीटीएचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम वाढलेले व कॅल्शियम घटलेले दिसते, म्हणून जांभळी नळी त्या नळ्यांनंतर भरतात. तुंबडीतील निर्वात आणि या नळीतील निर्वात यांत भौतिकीचे तत्त्व एकच असले, तरी एकाने दुसऱ्याला जन्म दिला असे मुळीच नाही. मधल्या काळात टॉरिचेल्लीपासूनचा सगळा निर्वातविचार आणि काचकामाचा सगळा उद्योग उभा आहे.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणु संशोधन केंद्र स्थापन केले. तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. देशाच्या निरनिराळ्या भागांतील रहिवाशांच्या रक्तद्रवात कोणत्या विषाणूंविरुद्ध प्रतिद्रव्ये आहेत, याची पाहणी आरंभीच झाली व तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यातील ज्वराचा शोध लागला, तेव्हा माणसांबरोबर माकडांचे, पक्ष्यांचे व लहान प्राण्यांचेही रक्त घ्यावे लागले. काचेच्या सिरिंजा, उकळून व धार लावून पुन्हा वापरावयाच्या पोलादी सुया आणि बर्फाच्या पेट्या हा त्या काळच्या क्षेत्रकार्याचा सामान्य सरंजाम. वर उल्लेखिलेला जुना समज, की धोका असतो तो ज्याचे रक्त काढावयाचे त्याला, या ज्वराच्या संशोधनात टिकू शकला नाही. या विषाणूची लागण प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही झाली. बाधा सुईने झाली की श्वासावाटे, हा भेद प्रत्येक वेळी करता येतोच असे नाही; परंतु रक्त हाताळणारा माणूस हाच रोगी होऊ शकतो, ही गोष्ट पुण्यातील संशोधकांना पुस्तकातून शिकावी लागली नाही.

उकळण्याची पद्धत धनुर्वात व पू उत्पन्न करणारे जंतू यांच्या विरुद्ध पुष्कळशी यशस्वी ठरली होती, पण ती नीट पाळली तर. गर्दीच्या दवाखान्यात ती पाळली जात नसे. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू १९६० नंतरच्या दशकात ओळखला गेल्यावर ध्यानात आले की डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा लेशही पुरेसा असतो. एकदाच वापरून टाकून द्यावयाची प्लॅस्टिकची सिरिंज हे त्याचे उत्तर होते. मात्र ती टाकून दिली जाईलच याची हमी साधनात नव्हती. गुजरातमध्ये मोडासा येथे २००९ साली या काविळीची जी घातक साथ आली, ती सिरिंजा पुन्हा वापरल्याने पसरल्याचे दिसून आले, आणि तिच्या विषाणूंचा अभ्यास पुण्याच्या याच संस्थेत झाला. टाकाऊ म्हणून बनविलेली वस्तू धुऊन पुन्हा विकली गेली, तर ती उकळता येणाऱ्या काचेपेक्षाही अधिक धोक्याची ठरते. यातूनच एकदा दट्ट्या दाबला की पुन्हा मागे न येणाऱ्या सिरिंजेची कल्पना पुढे आली : नियम माणसाच्या हाती न ठेवता साधनाच्या रचनेतच बसविणे.

भारतात एचआयव्हीचा शोध १९८६ मध्ये लागला व १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. २०२३ पासून तिचे नाव पालटले आहे. या काळात काढणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न प्रथमच मोजमापाचा विषय झाला. पुण्यातील एका अध्यापन रुग्णालयातील २००३ ते २००५ या वर्षांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात कर्मचाऱ्यांनी स्वतः होऊन कळविलेल्या रक्तसंपर्काच्या ५५७ घटना आहेत. सर्वाधिक प्रमाण आंतरवासी डॉक्टरांचे होते, वर्षाला दर शंभरी ४७. सर्व कर्मचाऱ्यांचे मिळून प्रमाण दर शंभरी साडेनऊ होते. ज्याचा हात सर्वांत कमी मुरलेला, त्याच्याच वाट्याला रक्त काढण्याचे काम सर्वांत अधिक येते, ही अध्यापन रुग्णालयांची व्यवस्था या आकड्यांत उमटली आहे. कमळाच्या देठावरील सराव त्यांच्या अभ्यासक्रमात कोठे बसतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. समाधानाची गोष्ट अशी की अभ्यासाच्या तीन वर्षांत गंभीर घटनांचे प्रमाण घटले, प्रतिबंधक औषध घेणाऱ्यांचे वाढले, आणि एचआयव्ही वा ब प्रकारच्या काविळीची बाधा झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही.

साधनांची रचना या अवधीत बरीच सुधारली. वापरानंतर सुईवर सरकणारे आवरण, शिरेतून निघताच आत ओढली जाणारी सुई, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, सुईचे बूड कापणारे यंत्र, अणकुचीदार कचऱ्यासाठी न भोसकणारा पांढरा डबा : हे सर्व आता उपलब्ध आहे, आणि डब्याची सक्ती २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे. अमेरिकेत सुरक्षित सुयांसंबंधी कायदा २००० साली झाला. आपल्याकडे अडचण किमतीची आहे. आवरणाची सुई साध्या सुईपेक्षा महाग पडते, म्हणून अनेक ठिकाणी अद्याप सिरिंजने रक्त ओढून ते झाकणातून नळीत सोडतात, म्हणजे निर्वात नळी विकत घेऊन तिचा निर्वात वाया घालवितात. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत कोरोनाच्या प्रतिद्रव्यांची पाहणी झाली तेव्हा १,६६४ माणसांचे रक्त घेण्यात आले व ५१.५ टक्के नमुन्यांत प्रतिद्रव्ये आढळली. निष्कर्षाची चर्चा देशभर झाली. साथीच्या भरात दारोदार जाऊन सोळाशेंहून अधिक शिरा वेधणाऱ्या हातांविषयी कोणी फारसे लिहिले नाही.

त्या हातांना काही झाले तर ते मराठीत कसे सांगितले जाते, हा प्रश्न शेवटी उरतो. रूढ वाक्य आहे, 'सुई लागली', किंवा 'सुई टोचली गेली'. दोन्ही रचनांत कर्ता सुई आहे, सांगणारा केवळ भोक्ता आहे. सुश्रुताच्या नावांतही वैद्य कर्ता नव्हता, परंतु तेथे नावातच कारण होते. येथे कारण नाही. सुई शिरेतून काढताना लागली, की टोपण परत बसविताना, की नळीत रक्त सोडताना, की भरलेल्या डब्यात हात घालताना? या चार प्रसंगांवर चार वेगवेगळी साधने आहेत : आत ओढली जाणारी सुई पहिल्यावर, टोपणाला हातच न लावता सुई सरळ डब्यात टाकण्याची पद्धत दुसऱ्यावर, निर्वात नळी तिसऱ्यावर, आणि तीन-चतुर्थांश भरताच बंद करावयाचा डबा चौथ्यावर. रुग्णालयाने यांपैकी कशावर प्रथम पैसा खर्च करावा हे ठरविण्यासाठी नोंदवहीत प्रसंग वेगळा लिहिलेला असावा लागतो. आणि नोंदवहीत येते ते बहुधा परिचारिकेने किंवा सफाई कामगाराने तोंडी सांगितलेले ते एक वाक्य.